भोंगा वाजला नाही ती सकाळ

पहाटे चारला उठणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. उठतात ते उठोत, माझं काही म्हणणं नाही. पण उठल्यावर जे दुसऱ्यांना सांगत सुटतात, त्यांच्याबद्दल मी बोलते आहे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बायकांतली पहिली नव्हे, सगळ्यांतली. हे मी मान वर करून सांगते, आणि कुणाला त्यात गर्व दिसला तर दिसू दे. त्या पदवीपायी मला दरसाल कुठून तरी बोलावणं यायचं, की बाई, मुलांना यशासाठी कोणत्या सवयी लावून घ्याव्यात ते चार शब्दांत सांगा. मी टाळायचे. एकदा गेले आणि जे बोलले ते बोलावणाऱ्यांना आवडलं नाही. चहासुद्धा घाईघाईत दिला त्यांनी. तेच आता सावकाश लिहिते.

माझे वडील केम गावचे. शेत थोरल्या भावाकडे राहिलं आणि हे गाडीत बसून सोलापूरला आले, गिरणीत लागले. भवानी पेठेतल्या चाळीत आमची एक खोली होती. खिडकी होती, पण तिच्यामागे हातभर अंतरावर दुसऱ्या चाळीची भिंत. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदळातला खडा दिसायचा नाही. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मधे फरशीची बोळ, बोळीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला पानांचा ढीग.

मीही वळायचे. कॉलेजात गेल्यावरही वळायचे. पुस्तक भिंतीला टेकवून उभं करायचं, पान उडू नये म्हणून त्यावर विडीचं पान कापायचा पत्रा ठेवायचा आणि डोळे वर, हात खाली. हाताला डोळे लागत नाहीत एकदा सवय झाली की. माझ्या पुस्तकांना तंबाखूचा वास यायचा. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुली नाकाला पदर लावायच्या. लावू देत. इतिहासाचा सगळा अभ्यास मी असाच केला.

आमच्या बरोबर समोर, बोळीच्या पलीकडे, साहेबांच्या दोन खोल्या. चाळीत दोन खोल्या त्यांच्या एकट्याच्या. रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते, निवृत्त झाले, बायको वारली, मुलगा पुण्याला. चाळ त्यांना साहेबच म्हणायची. भिंतीवर लंबकाचं घड्याळ, उशाशी गजराचं घड्याळ. पहाटे चारला गजर, थंड पाण्याने अंघोळ, मग दारात आरामखुर्ची टाकून बसायचे ते उजाडेपर्यंत. समोर आमचं दार.

रविवारी ते चाळीतल्या पोरांना गोळा करायचे आणि सवयी शिकवायचे. चारला उठा. थंड पाण्याने अंघोळ करा. घास बत्तीस वेळा चावा. एका वेळी एकच काम करा. उद्याचं काम आज ठरवा. मी लहानपणी तिथे बसायचे आणि ते ऐकून घरी यायचे. घरी भाकरी मोजून असायची, ती बत्तीस वेळा चावली तर भावंडं दुसरी उचलायची. आणि एका वेळी एकच काम करणारं माणूस आमच्या घरात आजारी तरी असायचं नाहीतर पाहुणं आलेलं असायचं.

पण आई त्यांना मानायची. नळ बसवायला त्यांनी अर्ज लिहून दिला होता म्हणे, तेव्हापासून चाळीतल्या बायकांनी रीतच पाडली होती. पाण्याच्या दिवशी पहाटे आधी साहेबांचा हंडा भरायचा, मग आपली भांडी. साहेब रात्रीच हंडा दाराबाहेर ठेवून द्यायचे. तांब्याचा, चिंचेने घासलेला. बहुतेक वेळा आईच भरायची, कारण आमचं दार समोर. त्यासाठी कुणी पैसा घेत नव्हतं आणि साहेब कधी काही म्हणत नव्हते. हंडा ठेवायचा, हंडा भरलेला मिळायचा. अंघोळीला त्यांना पाणी तयार.

आम्हांला मात्र घड्याळ नव्हतं. लागतही नव्हतं. गिरणीचा भोंगा होता. पहाटेचा पहिला भोंगा झाला की अख्खी पेठ उठायची. दुसऱ्याला डबा भरलेला असायचा, तिसऱ्याला माणूस फाटकात. पोरं शाळेत जायची भोंग्यावर, बायका भात उतरवायच्या भोंग्यावर. नवी सून सासरी आली की पहिल्या दिवशी तिला सांगायचे, हा कोणता आणि तो कोणता. माझी झोप एवढी गाढ की शेजारी भांडण झालं तरी उठायचे नाही, पण भोंग्याला डोळे उघडायचे.

साहेबांना हे आवडायचं नाही. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा एका रविवारी मी बोळीतून पाणी घेऊन चालले होते, त्यांनी पोरांसमोर मला थांबवलं.

"काय गं, किती वाजता उठतेस?"

"भोंग्याला."

"ऐकलंत?" ते पोरांना म्हणाले. "भोंग्यावर उठणारा शेवटी गिरणीतच जातो. दुसऱ्याच्या आवाजावर उठणं ही सवय नव्हे. ही गुलामी. माणसाने स्वतःच्या शिस्तीने उठावं."

मी घागर कमरेवर नीट घेतली आणि म्हणाले, "तुम्ही तरी घंटीवरच उठता की, साहेब. आमची मोठी हाय एवढंच."

पोरं हसली. नळावरच्या बायका हसल्या. शेजारची खाला, तिचा नवरा टांगा चालवायचा, ती तर पदर तोंडात कोंबून हसली. साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मला तेव्हा वाटलं, विषय संपला.

आता परीक्षेचं सांगते. आमच्या घरात करार झाला होता. आई म्हणायची, पोरीच्या वयाच्या बायकांचं स्वतःचं सूप असतंय, ही नुसती मधेमधे हात लावती. विडी कारखान्यात माझ्या नावाचं कार्ड करायचं तिने बोलूनही ठेवलं होतं. वडील म्हणाले, "एकच डाव. पास झाली तर तिच्या वाटंनं तिला जाऊ दे. न्हाय झाली तर दुसरं सूप आण." आई म्हणाली, "बगा हां. एकच." म्हणजे नापास झाले तर पुन्हा बसायचं नव्हतं. एक विषय राहिला तरी नाही. कोपऱ्यात ते दुसरं सूप आईने आणून ठेवलंच होतं, कोरं, भिंतीला उभं करून. मी पुस्तक टेकवायचे त्याच भिंतीला.

परीक्षेच्या वेळी आई धाकट्यांना घेऊन केमला गेली होती. ज्वारीची सुगी चालली होती, चुलत्याच्या शेतात हात लावला की वर्षाची पोती यायची. घरी मी आणि वडील. वडिलांची तिसरी पाळी, रात्री जायचे, उजाडल्यावर यायचे. इतिहासाचा पेपर सकाळचा होता. मी जेवून थोडं वाचलं, दाराला आतून कडी घातली आणि झोपले. काळजी कशाची? भोंगा होता.

भोंगा वाजला नाही.

रात्री गिरणीत कुणा जॉबरने, म्हणजे मुकादमाने, एका कामगाराला मारलं, त्यावरून तिसऱ्या पाळीची माणसं कामावरून उठली, सगळं बंद पाडून फाटकाच्या आत बसली. वडील त्यांच्यातच. भोंगा द्यायला कुणी तयार होईना. हे आम्हांला सगळं नंतर कळलं. त्या सकाळी अख्खी पेठ झोपून राहिली. उन्हं अंगावर आल्यावर बोळीतली माणसं दचकून उठली, कुणी तोंड धुतलं, कुणी नाही, आणि गिरणीत काय झालं बघायला पळाली. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, एक दिवसाआड यायचं, म्हणून बायकाही पहाटे उठल्या नव्हत्या. प्रत्येकाला वाटलं, ही केव्हाच कॉलेजला गेली असणार. मी आत काळोखात झोपले होते.

दारावर थापा पडल्या.

"अगे बेटी! अंदरच हाय क्या तू?" खाला होती. "मेरेकू लगा गई करके. फिर देखी तो दरवाजेकू कुलूप नै. परचा नै क्या आज?"

मी दार उघडलं आणि बोळीत पडलेलं ऊन बघितलं. ते कुठवर आलं होतं त्यावरूनच किती उशीर झाला ते कळलं. समोर साहेब खुर्चीत बसले होते, हातात वर्तमानपत्र. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं.

तोंड धुतलं नाही, वेणी घातली नाही, कालचंच पातळ. खालाने नवऱ्याला हाक मारली. तो घोड्याला चारा घालत होता. "वो बादमें खाएगा," ती म्हणाली, "जोड." सात रस्ता चौकात ट्रक आडवा लागला होता, तिथे टांग्यातून उतरून पळावं की बसून राहावं हे मला कळेना. टांगेवाला म्हणाला, "बैठ बेटी, तेरे पावांसे इसके पाव जादा हैं." तेवढ्यातही मला हसू आलं, आणि मग रडू.

अर्ध्या तासानंतर कुणाला आत घ्यायचं नाही असा नियम. मी दारात पोचले तेव्हा पर्यवेक्षक बाहेर येऊन व्हरांड्यात दोन्हीकडे बघत होते, दार लावायच्या बेतात. त्यांनी माझ्या केसांकडे बघितलं, पायांकडे बघितलं.

"शिकायचं असेल तर आधी वेळेवर उठायला शिका," ते म्हणाले. आणि सरकून जागा दिली.

पेपर कसा लिहिला ते मला आठवत नाही. हात चालत होता. हाताला डोळे लागत नाहीत, म्हटलं ना. शेवटचा एक प्रश्न राहिला.

दुपारी चालत घरी आले. साहेब खुर्चीतच होते.

"पोचलीस का?" ते म्हणाले.

"पोचले."

"किती वेळ गेला?"

"तुम्हांला ठाऊक होतं मी आत झोपलेय ते?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "मी चारपासून इथेच आहे. भोंगा झाला नाही, ते माझ्या लक्षात आलं. दाराला कुलूप नव्हतं, फटीतून दिव्याचा उजेड नव्हता. मी घड्याळ बघत होतो. म्हटलं बघू, स्वतःच्या शिस्तीने उठते का." मग अगदी मायेने म्हणाले, "आज जे शिकलीस ना, ते तुझ्या कॉलेजात शिकवत नाहीत. जन्मभर उपकार मानशील."

मी घरात गेले आणि कडी घातली. मी आयुष्यात इतकं कुणाचंच वाईट चिंतलं नाही जितकं त्या घटकेला त्यांचं चिंतलं, आणि ते मी आजही परत घेत नाही. माणूस झोपेत राहिला असता तर वेगळं. माणूस जागा होता. त्याला पेपर माहीत होता, सूप माहीत होतं, सगळ्या चाळीला माहीत होतं. चार पावलांची बोळ. आणि तो घड्याळ बघत बसला.

संध्याकाळी वडील आले, डोळे लाल, आवाज बसलेला. मी सांगितलं. ते जेवले नाहीत. तसेच समोर गेले आणि साहेबांच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"साहेब, तुमी जागं व्हता?"

"होतो."

"दार बंद दिसलं?"

"दिसलं."

"मग एक हाळी न्हाय मारता आली?"

"हे बघा," साहेब म्हणाले, "मी हाळी मारली असती तर ती काय शिकली असती?"

रात्रभर फाटकात ओरडलेला माणूस, पण इथे त्यांचा आवाज चढला नाही. "व्हय," म्हणाले, "तेबी खरंच." आणि परत आले. मला त्यांचाच राग आला. मी म्हणाले, "एवढंच?" ते म्हणाले, "तुजी आई आल्यावर सांग तिला. सगळं सांग. साहेबांचा ह्यो शब्दबी सांग."

आई चार दिवसांनी आली, ज्वारीची पोती, धाकटी भावंडं आणि उन्हाने रापलेलं तोंड घेऊन. मी सगळं सांगितलं. तो शब्दही सांगितला. ती ऐकत होती आणि पोत्याचं तोंड सोडत होती. माझ्या मनात आलं, हिला काय, पोरगी नापास झाली तर सूप तयारच आहे.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार होता. पहाटे भोंगा झाला, गिरणी सुरू झाली होती. आई उठली, मी उठले. बोळीत साहेबांचा हंडा नेहमीच्या जागी होता, रिकामा, लखलखीत. दोन दिवसांमागे कुणी दुसरीने भरला असेल. आईने आपली घागर घेतली, हंड्याला वळसा घातला आणि नळाकडे गेली. भरून आणली. पुन्हा गेली. पुन्हा वळसा. मागोमाग खाला आली, तिने आईकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं आणि तिनेही वळसा घातला. तिच्या मागचीनेही. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

साहेब दारात आले. चारला उठून पाण्याची वाट बघत बसले असतील. अंगावर पंचा, खांद्यावर टॉवेल. पाणी बंद व्हायची वेळ झाली होती, नळ खोकत होता.

"अहो," ते म्हणाले, "आज हंडा राहिला."

आईने घागर खाली ठेवली. पदर डोक्यावर सारखा केला. तिने त्यांच्यासमोर कधी मान वर केली नव्हती, ती त्या दिवशीही केली नाही.

"दिसला की," ती म्हणाली. "पर मी भरला असता तर तुमी काय शिकला असता, साहेब?"

नळ बंद झाला. बोळीत कुणी हसलं नाही. मागच्या वेळी हसले होते, ह्या वेळी नाही. साहेबांनी हंडा स्वतः उचलून आत नेला.

त्यानंतर तो हंडा कुणी भरला नाही. पाण्याच्या दिवशी साहेब बायकांच्या रांगेत बादली घेऊन उभे राहायचे. भरलेला हंडा त्यांना उचलवत नव्हता. रांगेत नंबर येईपर्यंत उजाडायचं. थंड पाण्याची अंघोळ आठला होऊ लागली, मग नऊला, मग गरम पाण्याने. चारचा गजर काही दिवस व्हायचा, आम्हांला बोळीपलीकडून ऐकू यायचा. मग बंद झाला. इतक्या वर्षांची शिस्त उन्हाळा उतरायच्या आत संपली. म्हाताऱ्या माणसाला बादली उचलायला लावली म्हणून चाळीत एकदोघांनी आईला बोल लावला. मी लावला नाही आणि आजही लावत नाही.

निकाल लागला. मी पास झाले. इतिहासात जेमतेम, बाकी बरे. पहिला वर्ग मिळाला असता की नाही ह्याचा हिशेब मी करत नाही. आईने कोपऱ्यातलं कोरं सूप काढलं, त्यात ज्वारी पाखडली आणि म्हणाली, "बरं झालं, घरात एक जास्तीचं हाय आता." तेवढंच तिचं अभिनंदन.

साहेबांनी मात्र पेढे वाटले. स्वतःच्या पैशांनी. पुड्या घेऊन दारोदार गेले आणि सांगत होते, "आमच्या शिस्तीतली मुलगी." आमच्याही दारात आले. माझ्यापुढे पुडा धरला.

"घे. एका दिवसाने तुला किती बदललं बघ."

"व्हय," मी म्हणाले, "खालाला द्या. उठवलं तिनं."

त्यांनी पुडा तसाच धरला होता. मी पेढा घेतला नाही. आतून धाकटा भाऊ आला आणि त्याने दोन उचलले, तर मी त्याच्या हातावर चापट मारली. नंतर मला वाईट वाटलं, पण भावाचं. त्याला पेढा क्वचित मिळायचा.

मी नोकरीला लागले, पहिल्या पगारात गजराचं घड्याळ घेतलं. पुढे गिरण्या बंद झाल्या, भोंगेही गेले. पोरांना भोंगा म्हणजे काय ते सांगावं लागतं.

तर सवयींचं विचारत होते ते लोक. त्या सभेत मी हेच सांगितलं, की मला एकच सवय आहे. आमच्या गल्लीत कुणाचा पेपर असला, कुणाची मुलाखत असली, कुणाला पहाटेची एसटी धरायची असली की मी आदल्या दिवशी विचारून ठेवते आणि सकाळी जाऊन दार वाजवते. कुणी सांगितलेलं नसतं. काहींना आवडत नाही. परवाच समोरच्या बाईंच्या मुलाने केस पिंजारलेले, डोळे चोळत दार उघडलं आणि म्हणाला, "मावशी, पेपर उद्या आहे हो. तुम्ही एक दिवस आधी आलात."

"असू दे," मी म्हणाले. "उद्याही येईन."